परदेशी सून, कोल्हापूरचा पत्ता आणि दरवेळी परत येणारा व्हिसाचा अर्ज

समस्या अशी आहे. घरातली सून, जावई किंवा भाडेकरू परदेशी पासपोर्टवर राहतोय. परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी ई-एफआरआरओ पोर्टलवर नोंदणीचा किंवा व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज भरला. काही दिवसांनी मेल येतो, अमुक कागद जोडा. तो जोडला की दुसरी शंका. तीही मिटवली की अर्ज पोलीस चौकशीवर जाऊन बसतो आणि हलायचं नाव घेत नाही. शेवटी कसाबसा मंजूर होतो, आणि पुढच्या मुदतवाढीला परत पहिले पाढे पंचावन्न.

आमच्या वहिनी पोलंडच्या. दादा आणि त्या कोल्हापुरात राहायला आल्यापासून हे खातं माझ्या गळ्यात आहे. आता ओळखीपाळखीत कुणाकडं परदेशी माणूस आलं की फाईल आमच्याच दारात येते. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना खोल्या देणारे येतात. फुटबॉलच्या हंगामात पेठांतले संघ परदेशी खेळाडू आणतात, तसल्या एकाला वरचा मजला दिलेले काका तर ‘मला आत टाकतील का रे?’ विचारत आले होते. या सगळ्या फायली चाळल्यावर माझं मत पक्कं झालंय. अर्ज कायद्याच्या कलमावर क्वचितच अडतो. तो अडतो आपल्याच दोन कागदांचं एकमेकांशी पटत नाही म्हणून. एकात नाव वेगळं, दुसऱ्यात पत्ता वेगळा. समोरचा अधिकारी कागदावर दिसतं तेवढंच बघू शकतो, आणि कागदावर त्याला दोन वेगळ्या बायका दोन वेगळ्या घरांत दिसत असतात.

आधी कुठं जायचं ते. कोल्हापुरात परदेशी नागरिकांसाठी वेगळी इमारत नाही. मुंबईसारख्या मोठ्या शहरात एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांचं प्रादेशिक नोंदणी कार्यालय आहे. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हेच परकीय नागरिक नोंदणी अधिकारी असतात. म्हणजे आपल्याकडं कसबा बावडा रस्त्यावरचं एसपी ऑफिस. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, तिथं भारतीय पासपोर्टचं काम चालतं. २०१८ पासून हे अर्ज ऑनलाइन झालेत. त्यामुळं फाईल काखोटीला मारून ‘साहेब, एवढं बघा की’ करण्यात अर्थ राहिलेला नाही. साहेबांसमोरही तीच स्क्रीन असते. बोलावलं तर जायचं, आणि जाताना मूळ कागद न्यायचे.

नावाचा घोळ

लग्नात दादानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव काढलं, ‘आनंदी’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. हौस म्हणून झकास. पण तेच नाव पुढं दादाचं नाव आणि आमचं आडनाव लावून विम्याच्या वारसनोंदीत गेलं, दवाखान्याच्या फाईलवर गेलं, आणि नातेवाइकांनी उत्साहानं भरलेल्या विवाह नोंदणीच्या अर्जातही गेलं. आता पासपोर्टवर पोलिश नाव आणि दाखल्यावर आनंदी. सरकारदरबारी ही आनंदी कोण? तिचा व्हिसा कुठाय?

नियम एकच ठेवा. भारत सरकार परदेशी माणसाला फक्त त्याच्या पासपोर्टवरच्या नावानं ओळखतं. घरात काय हाक मारायची ती मारा, पण सही लागणाऱ्या प्रत्येक कागदावर पासपोर्टवरचं नाव, त्याच क्रमानं, त्याच स्पेलिंगनं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घालायची आपल्याला सवय असते. परदेशी पासपोर्टवर तसं मधलं नाव नसेल तर तुम्हीही घालायचं नाही, मग सासूबाईंना कितीही ओकंबोकं वाटू दे.

स्पेलिंगचं एक बारीक काम आहे. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला दोन ओळी असतात, इंग्रजी अक्षरं आणि मध्ये बाणासारख्या खुणांची रांग. मशीन वाचतं ते या ओळी. पोलिशमध्ये एल अक्षरावर तिरकी रेघ असते, ती तळाच्या ओळीत साधी एल होते. जर्मन नावातला यूवरच्या दोन टिंबांचा स्वर तिथं यूई होतो. वरच्या छापील नावात एक आणि खाली दुसरं असं दिसलं की पोर्टलवर खालचं स्पेलिंग घाला. विमानाचं तिकीट, व्हिसा, सी फॉर्म (परदेशी माणूस राहायला आल्याचं घरमालकानं कळवायचा फॉर्म), सगळीकडं तेच ठेवा. मराठी दाखल्यावर नाव देवनागरीत येतं आणि त्याचं इंग्रजी करणारा ते कानाला ऐकू येईल तसं करतो. म्हणून भाषांतर करून घेताना पासपोर्टची झेरॉक्स त्याच्या हातात द्या आणि त्यातलंच स्पेलिंग उतरवायला लावा.

आधीच घोळ झाला असेल तर दोन वाटा. दाखला दुरुस्त होत असेल तर तो करून घ्या, वेळ लागला तरी चालेल. नसेल होत तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून, पासपोर्टच्या फोटोपानासकट प्रत्येक अर्जाला जोडत राहा. राजपत्रात नावबदल छापून आणायचा सल्ला देणारे भेटतील. आपल्या राजपत्रानं दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवरचं नाव बदलत नाही. वहिनींना आडनाव खरंच बदलायचं असेल तर आधी त्यांच्या देशाचा पासपोर्ट बदलायचा, मग इथले कागद. उलट्या क्रमानं केलं की गाठ आणखी घट्ट बसते.

ज्यांचं लग्न अजून व्हायचंय त्यांनी एवढं वाचून ठेवा. दोघांतला एक हिंदू नसेल तर हिंदू विवाह कायदा लागू होत नाही, हॉल कितीही मोठा घेतला आणि भटजी कितीही जाणते असले तरी. १९५४ चा विशेष विवाह कायदा हीच सरळ वाट. त्यात विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, नोटिशीनंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती नोटीस बाद होते. मुलगी टुरिस्ट व्हिसावर येणार असेल तर हे दिवस आधी कॅलेंडरवर मांडा आणि मग तिकीट काढा. ती अविवाहित असल्याचा तिच्या देशाचा दाखला तिनं येतानाच आणावा. लग्न झाल्यावर टुरिस्ट व्हिसाचं रूपांतर एंट्री व्हिसात, म्हणजे जोडीदार म्हणून राहायच्या व्हिसात, इथंच करता येतं, अर्ज त्याच पोर्टलवर.

पत्त्याचा घोळ, म्हणजे खरा घोळ

नावाचं एकदा निस्तरलं की निस्तरतं. पत्ता मात्र कोल्हापूरकरांना दरवेळी नडतो, कारण आपल्या एकेका घराला तीन-तीन पत्ते असतात. प्रॉपर्टी कार्डावर सिटी सर्व्हे नंबर आणि वॉर्ड. लाईट बिलावर राजारामपुरी अमुकवी गल्ली. आधारवर ‘मारुती मंदिराच्या पाठीमागे’. घरफाळ्याच्या पावतीवर आणखी निराळा मिळकत क्रमांक. पोस्टमन चाळीस वर्षं ओळखतो म्हणून पत्र येतं, म्हणून आपल्याला कधी जाणवत नाही. मुंबईत किंवा दिल्लीत बसून अर्ज बघणाऱ्याला ही तीन घरं वाटतात.

त्यात बिल कुणाच्या नावावर? आजोबांच्या. आजोबा जाऊन किती वर्षं झाली याचा हिशेब नाही, बिल मात्र अजून त्यांच्याच नावानं भरलं जातंय. पोर्टलवर घरमालक म्हणून दादाचं नाव, जोडलेलं बिल आजोबांचं आणि आधारवर तिसराच पत्ता. शंका येणार नाही तर काय होणार?

करायचं काय? एक पत्ता ठरवायचा. मी म्हणेन वॉर्ड, सिटी सर्व्हे किंवा घर नंबर, गल्ली किंवा पेठ, मग कोल्हापूर आणि पिनकोड, असा आणि एवढाच. खुणेची जागा, मंदिर, तालीम, दूध डेअरी पोर्टलवर वेगळ्या रकान्यात घाला किंवा घालूच नका. हा पत्ता एका कागदावर इंग्रजीत टाईप करून घरात ठेवा आणि प्रत्येक वेळी त्यावरूनच उतरवा, मनानं लिहू नका. नवऱ्याचं आधार त्या पत्त्यावर आणा. महावितरणकडं ग्राहकाच्या नावबदलाचा अर्ज करून बिल हयात माणसाच्या नावावर घ्या. भावकीत वाद असेल आणि ते शक्य नसेल तर घरफाळ्याची पावती, ज्याच्या नावावर घर आहे त्याचं संमतीपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत असं त्रिकूट एकाच पीडीएफमध्ये जोडा. भाड्याचं घर असेल तर नोंदणी केलेला भाडेकरार, आणि त्यात परदेशी माणसाचं नाव भाडेकरू म्हणून असलेलं बरं. करार नुसता नवऱ्याच्या नावावर असेल तर ‘या कुटुंबासोबत या राहतात’ असं मालकाचं पत्र घ्या.

पोलीस ठाण्याचं नाव हा याच प्रकरणाचा पोटभाग. पोर्टलवर ठाणं निवडावं लागतं आणि लोक सरळ घराजवळचं निवडतात. हद्द जवळपणावर ठरत नाही. रस्त्याच्या अलीकडची बाजू राजारामपुरी आणि पलीकडची दुसऱ्या ठाण्याकडं, असं असू शकतं. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव असल्या गावांत राहणारे तर पत्त्यात बिनदिक्कत ‘कोल्हापूर शहर’ लिहितात. हद्दवाढ होईल तेव्हा होईल. आज ग्रामपंचायत आहे तर तालुका करवीर आणि गावाचं नाव लिहा. हद्द माहीत नसेल तर जवळच्या ठाण्यात ठाणे अंमलदाराला गल्लीचं नाव सांगून विचारा, लगेच सांगतात. चुकीचं ठाणं निवडलं की चौकशीचा कागद तिथं जातो, ते ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवतात, आणि तुम्ही इकडं ‘प्रलंबित’ वाचत बसता.

सी फॉर्म

परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची जबाबदारी घरमालकाची. लोकांना वाटतं हे फक्त लॉजवाल्यांना लागू. घरात खोली देणाऱ्यालाही लागू आणि स्वतःच्या सुनेलाही लागू. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायदा अमलात आला आणि १९४६ चा जुना कायदा गेला. फॉर्मांना कागदोपत्री काय म्हणायचं ते पोर्टलवर दिसेल तसं घ्या, बोलताना सगळे अजून सी फॉर्मच म्हणतात. विद्यार्थ्यांची माहिती शिवाय त्यांच्या शिक्षणसंस्थेलाही कळवावी लागते, पण त्यामुळं घरमालक सुटत नाही.

इथं वारंवार होणारी गडबड अशी: पहिल्यांदा भरलेला फॉर्म लोक जपून ठेवतात आणि दर अर्जाला तोच जोडतात. मधल्या काळात वहिनी माहेरी जाऊन आलेल्या असतात. पासपोर्टवर नवा आगमनाचा शिक्का, फॉर्मवर जुनी तारीख. प्रत्येक आगमनाला नवा फॉर्म. घरमालकाचं लॉगिन आधी मंजूर होऊन यावं लागतं, त्याला वेळ जातो, म्हणून पाहुणा विमानात बसायच्या कितीतरी आधी ते करून ठेवा. त्या फुटबॉलवाल्या काकांचं एवढंच राहिलं होतं. लॉगिन मिळालं, फॉर्म भरला, छाती धडधडायची थांबली.

ज्यांचा व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा आहे आणि ज्यावर नोंदणी करायची अट लिहिलेली आहे, त्यांना आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. व्हिसावरचा बारीक मजकूर भिंग घेऊन वाचा. नोंदणी लागते की नाही हे शेजारी सांगणार नाहीत, तो मजकूर सांगेल.

चौकशीला अडकलेला अर्ज

कागद जुळलेले असूनही अर्ज थांबला असेल तर बहुधा तो गोपनीय शाखेच्या कर्मचाऱ्याच्या वहीत आहे. लग्नाच्या आधारावरच्या व्हिसात नवरा-बायको खरंच एकत्र राहतात का, हे बघून अहवाल द्यावा लागतो. त्यामुळं घरी येणं, शेजाऱ्यांना विचारणं हे सगळं ठरलेलंच काम आहे, त्यात अपमान वाटून घेऊ नका. पोर्टलवर दिलेला मोबाईल नंबर घरात असणाऱ्या माणसाचा द्या. परदेशी सिमचा नंबर दिला की फोन लागत नाही, आणि हवालदारसाहेब येऊन बघतात तर दाराला कुलूप.

आमच्याकडं चौकशीला आलेले साहेब अगदी निवांत. चहा घेतला, कागद बघितले, शेजारच्या मावशींना हाक मारून ‘या इथंच राहतात न्हवं?’ विचारलं. मावशी म्हणाल्या, ‘राहतात की! माझ्यापेक्षा चांगलं मटण करतात.’ मग वहिनींकडं वळून त्यांनी विचारलं, ‘ताई, तुम्ही वळिवड्याच्या पोलिश लोकांपैकी का?’ दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे. वहिनींचं गाव आणि त्या लोकांचं गाव यांचा काही संबंध नाही, पण तेवढ्या गप्पांत सही झाली.

शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवा. पोलीस विचारतायत म्हटल्यावर काही जण घाबरून ‘आम्हाला काय माहीत नाही’ म्हणतात, आणि तेच अहवालात उतरतं.

तारखांचं

मुदत संपायच्या दोन महिने आधी अर्ज घाला. कोल्हापुरात मी याहून पुढं जाईन. मुदत ऑगस्ट-सप्टेंबरात संपत असेल तर जूनमध्येच हात घाला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं सरकली की सगळी यंत्रणा पुरात गुंतते. २०१९ आणि २०२१ ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. त्यामागून गणपती, म्हणजे बंदोबस्त. तुमचा अर्ज कुणी मुद्दाम मागं ठेवत नाही, माणसं रस्त्यावर असतात.

दुसरं म्हणजे मेल. पोर्टलचं सगळं बोलणं मेलवर चालतं. शुल्क भरायची सूचनासुद्धा बऱ्याचदा कागद तपासून झाल्यावर येते. ती स्पॅममध्ये पडून राहिली की अर्ज जागच्या जागी थांबतो आणि आपण ठाण्यात चकरा मारत राहतो. अर्ज चालू आहे तोवर रोज सकाळी स्पॅम उघडून बघायचं काम घरातल्या एकाला नेमून द्या. मेलही वहिनींचाच द्या, एजंटाचा नको. एजंट फोन उचलेनासा झाला की सगळं खातंच त्याच्याबरोबर जातं.

मुदत उलटून गेलीच तर लपवू नका आणि तसंच विमानतळावर जाऊ नका. त्याच दिवशी पोर्टलवर अर्ज करा, खरं कारण लिहा, दंड भरा. निघायचंच असेल तर आधी बाहेर पडायची परवानगी घ्या.

मूल होणार असेल तर या तारखांकडं जरा जास्तच लक्ष ठेवा. भारतात जन्मलेल्या मुलाचा एक पालक भारतीय असेल आणि दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसेल, तरच ते जन्मानं भारतीय नागरिक होतं. आणि व्हिसाची मुदत उलटून राहिलेला माणूस कायद्याच्या व्याख्येत बेकायदेशीर स्थलांतरितच ठरतो. बाळंतपणाच्या गडबडीत आईचा व्हिसा संपू देऊ नका.

ओसीआय

हे दर मुदतवाढीचं झेंगट कायमचं मिटवायचं असेल तर ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ते मिळू शकतं, पण लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिकत्व स्वतःला, आई-वडिलांना, आजी-आजोबांना किंवा पणजी-पणजोबांना कधी असेल तर मिळत नाही. भारतात अर्ज केला तर शुल्क १५,००० रुपये. कार्ड मिळाल्यावर कितीही दिवस राहा, नोंदणीची कटकट नाही. मात्र ते नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळं ‘सुनेच्या नावावर दोन एकर करूया’ म्हणणाऱ्या सासऱ्यांनी जरा थांबावं. घटस्फोट झाला तर कार्डही रद्द होऊ शकतं.

ओसीआयच्या अर्जालाही तोच विवाह दाखला, तेच नाव आणि तोच पत्ता लागतो, त्यामुळं वरची दुरुस्ती आधी करा. आणि कार्ड हातात आल्यावरही एक काम उरतं, जे बरेच जण विसरतात. जोडीदार म्हणून कार्ड मिळालेल्यांनी दर नव्या पासपोर्टला त्याची प्रत, ताजा फोटो आणि लग्न टिकून असल्याचं घोषणापत्र ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचं असतं, नवा पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. जुना पासपोर्ट टाकून देऊ नका, त्यातला व्हिसा आणि शिक्के पुढच्या प्रत्येक अर्जाला मागतात.